समुद्र तापलाय, म्हणजे हरिकेन आपल्या दारात येणार का? टॅम्पाला नव्याने आलेल्या कुटुंबासाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मार्चमध्ये पुण्याहून फ्लोरिडातल्या टॅम्पाला आलात, खाडीपासून जवळच तळमजल्यावर भाड्याचं घर घेतलंत. आई-बाबा ऑगस्टच्या शेवटी येऊन दिवाळीपर्यंत राहणार आहेत आणि तिकिटं काढून झाली आहेत. आता रोज बातम्या येतायत की अटलांटिक तापलाय, मेक्सिकोचं आखात तापलंय, हरिकेनचा हंगाम भयंकर जाणार. ऑफिसातला एक जण म्हणतो, "दरवर्षी हेच सांगतात, काही होत नाही." दुसऱ्याने खिडक्यांवर ठोकायचं प्लायवूड आत्ताच आणून ठेवलंय. तिकिटं रद्द करायची का, आणि पुढच्या वर्षी इथे घर घ्यायचा विचार सोडून द्यायचा का, हे तुम्हाला विचारायचंय.

मी ह्यूस्टनमध्ये बावीस वर्षं हवामानाचं काम करतोय. आखातात तेल काढणारे प्लॅटफॉर्म, त्यांना माणसं आणि सामान पोचवणारी जहाजं आणि दोन बंदरं यांना मी सल्ला देतो. ही मंडळी मला "यंदा वादळं किती?" असं फारसं विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न असतो, "आमच्या हातात तास किती?" कारण विहिरी बंद करून शेवटचा माणूस हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर आणायला काही दिवस लागतात आणि वारा ठरावीक वेगापलीकडे गेला की हेलिकॉप्टर उडत नाही. माझं सगळं उत्तर या सवयीतून आलेलं आहे, हे आधी सांगून ठेवतो.

तुम्ही विचारलंय की हंगाम भयंकर जाणार का. पण तुम्हाला जे ठरवायचंय ते वेगळं आहे. वादळ आलं तर तुमच्या घरात पाणी शिरेल का, आणि आई-बाबांना घेऊन निघायला वेळ मिळेल का? हंगामाचा अंदाज या दोन्हींपैकी कशाचंच उत्तर देत नाही. गरम समुद्राचा मात्र दुसऱ्या प्रश्नाशी फार जवळचा संबंध आहे. बातम्यांत नेमकं तेच नीट सांगितलं जात नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी पाण्याचं बघू. हरिकेन चालतं ते समुद्रातून वर जाणाऱ्या वाफेवर. साधारण साडेसव्वीस अंश सेल्सियसच्या वर पाणी असलं की वादळाला पुरेशी वाफ मिळते. ती वर जाऊन तिचे ढग झाले की उष्णता सुटते, त्या उष्णतेने हवा आणखी जोरात वर चढते आणि खाली आणखी वारा खेचला जातो. पाणी जितकं गरम, तितकी वादळाच्या ताकदीची कमाल मर्यादा वर सरकते. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून पाऊसही वाढतो. इथपर्यंत बातम्यांचं बरोबर आहे.

पण नुसतं पृष्ठभागाचं तापमान पाहून फसगत होते. लहानपणी बंबातलं कढत पाणी बादलीत घेऊन आपण त्यात विसण घालायचो, ते आठवा. हरिकेनही तेच करतं. त्याच्या वाऱ्याने समुद्र इतका ढवळला जातो की खालचं गार पाणी वर येतं. वादळ आपल्याच पाण्यात आपणच विसण घालतं आणि थोडं मऊ पडतं. गरम पाण्याचा थर वीस-तीस मीटरचाच असेल तर हे विसण लगेच मिळतं. थर शंभर मीटर किंवा त्याहून खोल असेल तर कितीही ढवळलं तरी गरमच पाणी वर येतं. म्हणून आम्ही सव्वीस अंशांहून गरम असलेलं पाणी किती खोलवर आहे ते पाहतो.

आखातात असा खोल गरम थर एका प्रवाहामुळे येतो. कॅरिबियन समुद्रातलं पाणी युकातान आणि क्यूबा यांच्या मधून आत शिरतं, आखातात एक मोठा वळसा घेतं आणि फ्लोरिडाच्या दक्षिणेकडून बाहेर पडतं. त्याला लूप करंट म्हणतात. या वळशातून कधीकधी गरम पाण्याचा भलामोठा भोवरा सुटतो आणि महिनोन् महिने पश्चिमेकडे सरकत राहतो. २००५ मध्ये कतरिना आणि रीटा दोन्ही या गरम पाण्यावरून गेली आणि दोन्ही आखातात असताना पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीला पोचली. माझ्या टेबलावर जूनपासून रोज सकाळी पहिला नकाशा असतो तो या वळशाचा. नुसत्या पृष्ठभागाच्या तापमानाचा नकाशा मी नंतर बघतो.

जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला मॅनॅटी बे नावाच्या जागी पाण्याचं तापमान ३८.४ अंश नोंदलं गेलं आणि ती बातमी जगभर फिरली. भारतातून मला फोन आले, "आता काय होणार तुमच्याकडे?" ती जागा उथळ, गढूळ, जवळजवळ बंदिस्त आहे. तिथलं पाणी उन्हात ठेवलेल्या परातीसारखं तापतं. त्या उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या प्रवाळांचं फार मोठं नुकसान झालं आणि ते दुःख खरं आहे. पण त्या आकड्यावरून पुढे येणाऱ्या हरिकेनचा अंदाज बांधणं चूक होतं.

आता दुसरी बाजू. पाणी गरम असलं म्हणजे वादळ होतंच असं नाही. वादळाला उभं राहायला हवेचा खांब सरळ लागतो. वर एका दिशेचा जोरदार वारा आणि खाली दुसऱ्या दिशेचा, असं असलं की खांब तिरका होतो आणि वादळ मोडतं. प्रशांत महासागरात एल निनो असला की अटलांटिकवर हा वरचा वारा वाढतो. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचे विल्यम ग्रे यांनी १९८४ मध्ये हा संबंध मांडला आणि हंगामी अंदाजांची परंपरा तिथून सुरू झाली. त्यातच सहारा वाळवंटावरून येणारी कोरडी, धुळीची हवा मध्ये शिरली की ढगांची वाढ खुंटते. शिवाय सगळ्याच उष्ण कटिबंधातले समुद्र एकदम तापले तर वरची हवाही तापते आणि मग खालची हवा सहज वर चढत नाही. म्हणून अटलांटिक किती गरम आहे यापेक्षा इतर समुद्रांच्या मानाने किती गरम आहे, हे आम्हाला जास्त सांगून जातं.

गेल्या काही वर्षांत हे सगळं आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. २०२३ मध्ये अटलांटिक विक्रमी गरम, पण एल निनोही होता. नाव मिळालेली वादळं वीस झाली (वारा ठरावीक वेगाला पोचला की वादळाला नाव देतात, हरिकेन ही त्यापुढची पायरी), तरी अमेरिकेच्या किनाऱ्यावर हरिकेन म्हणून आलं ते एकटं इडालिया. त्याच्या मागे जा, २०१३ मध्ये. त्या वर्षी मेमध्ये नोआ या सरकारी संस्थेने सात ते अकरा हरिकेनचा अंदाज दिला होता. झाली दोन, आणि त्यातलं मोठं, म्हणजे तिसऱ्या श्रेणीचं किंवा त्यावरचं, एकही नाही. कोरड्या हवेने हंगाम खाऊन टाकला. मी तेव्हा एका ग्राहकाला हंगामभर जादा जहाजं भाड्याने ठेवायला सांगितलं होतं. नोव्हेंबरात त्यांनी खर्चाचा कागद माझ्यासमोर ठेवला. तेव्हापासून हंगामी अंदाजावर मी कोणाला पैसे खर्चायला लावत नाही.

२०२४ ला उलटं झालं. मेमध्ये नोआने १७ ते २५ नावाची वादळं सांगितली. त्यांनी मेमध्ये दिलेला हा आजवरचा सर्वांत मोठा अंदाज होता. जुलैच्या सुरुवातीलाच बेरिल पाचव्या श्रेणीला पोचलं. अटलांटिकमध्ये इतक्या लवकर कधीच असं झालं नव्हतं. मग ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ऐन भरात, एकाही नव्या वादळाला नाव मिळालं नाही. लोक म्हणायला लागले की अंदाज फसला. त्यानंतर हेलीन आणि मिल्टन आली, तुमच्याच गावाच्या दोन बाजूंनी, दोन आठवड्यांच्या अंतराने. शेवटी हंगाम १८ वादळं, ११ हरिकेन आणि ५ मोठी हरिकेन यांवर थांबला. सरासरी १४, ७ आणि ३ अशी आहे.

आणि २०२५ बघा. नाव मिळालेली वादळं तेरा, म्हणजे सरासरीहून एक कमीच. अमेरिकेच्या किनाऱ्यावर एकही हरिकेन आलं नाही. तुमच्या "काही होत नाही" म्हणणाऱ्या सहकाऱ्याला हे वर्ष आठवत असणार. पण त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला मेलिसा पाचव्या श्रेणीचं होऊन जमैकावर गेलं. जमैकातल्या माणसाला "यंदा हंगाम तसा सौम्यच होता" असं सांगायला आपली जीभ रेटेल का? १९९२ चा हंगामही असाच मंद होता. पहिल्या वादळाला नाव मिळायला ऑगस्टचा मध्य उजाडला. त्या वादळाचं नाव अँड्र्यू, आणि २४ ऑगस्टला त्याने मायामीच्या दक्षिणेचं होमस्टेड जवळजवळ पुसून टाकलं.

तर हंगामाचा आकडा हा सगळ्या अटलांटिकचा असतो. त्यावरून टॅम्पातल्या एका गल्लीचं काहीच ठरत नाही. मग गरम पाण्याची काळजी करायचीच नाही का? करायची, आणि मनापासून करायची, पण कारण वेगळं आहे. गरम पाणी आपल्या हातातला वेळ खातं.

मिल्टनचं उदाहरण तुमच्या घराजवळचं आहे म्हणून तेच घेतो. ५ ऑक्टोबर २०२४ ला, शनिवारी, आखाताच्या पश्चिम भागात एक साधं डिप्रेशन, म्हणजे वादळाची पहिली कच्ची अवस्था, तयार झालं. सोमवारी ते पाचव्या श्रेणीचं हरिकेन होतं, ताशी २९० किलोमीटरच्या आसपास वारा. त्यातल्या एकाच दिवसात वाऱ्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरने वाढला. बुधवारी रात्री ते सारासोटाजवळ सिएस्टा की इथे किनाऱ्याला लागलं. शनिवार ते बुधवार, एवढाच अवकाश. त्यातला पहिला दिवस तर "अजून काही नाही" असं म्हणण्यातच जातो. २०१८ चं मायकेल याहून घाईचं. रविवारी डिप्रेशन, बुधवारी दुपारी मेक्सिको बीच गावावर पाचव्या श्रेणीचं वादळ. २०२३ मध्ये मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर अकापुल्कोला ओटिस आलं, तेव्हा लोक साध्या वादळाच्या बेताने झोपायला गेले होते.

त्या सोमवारी दुपारी मी स्क्रीनसमोर होतो. विमानं वादळाच्या डोळ्यात जाऊन यंत्रं खाली सोडतात आणि दर काही मिनिटांनी आकडे येतात. (यांतली नोआची विमानं तुमच्यापासून तासाभरावर लेकलँडच्या विमानतळावर असतात, कधी मुलांना घेऊन त्या बाजूला जाऊन या.) हवेचा दाब ९३०, ९२०, ९१० असा उतरत गेला आणि ८९७ मिलिबारवर आला (दाब जितका कमी, तितकं वादळ जोरदार). खोलीत आम्ही चौघं होतो, कोणी बोलत नव्हतं. माझ्या शेजारी बसणारी सहकारी टॅम्पाची, तिची आई तिथेच राहते. तिने फोन उचलला आणि एवढंच म्हणाली, "आई, आत्ता निघ, उद्या नको." आमच्या धंद्यातल्या माणसाने घरच्यांना दिलेला सल्ला तो हाच.

कोकणातल्या वाचकांना हे नवं वाटणार नाही. निसर्ग वादळ १ जून २०२० ला अरबी समुद्रात डिप्रेशन होतं आणि ३ जूनला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. श्रीवर्धनला माझ्या मामाची वाडी आहे. सकाळी उभी असलेली सुपारी संध्याकाळी आडवी होती. समुद्र वेगळा, पण गरम पाण्यावर झपाट्याने वाढणाऱ्या वादळाचं गणित तेच.

म्हणून घरासाठीही मी प्लॅटफॉर्मसारखाच हिशेब मांडतो. निघायचं ठरलं तर सुरक्षित जागी पोचायला आपल्याला खरोखर किती तास लागतात? दोघं तरुण असाल तर चार-पाच तास पुरतील. सत्तरीचे आई-बाबा, त्यांची औषधं, गुडघेदुखी, पेट्रोल पंपावरची रांग, मुलांचं सामान हे सगळं धरलं तर एक दिवस धरा. तेवढा वेळ हातात असतानाच निर्णय झालेला हवा, म्हणजे अंदाज अजून डळमळीत असतानाच. निघालात आणि वादळ वळलं, तर एक दिवस वाया गेला आणि मुलांना आयती सुट्टी मिळाली, असं समजायचं. तीनदा निघून तीनदा काहीच झालं नाही, तरी चौथ्यांदा निघायचं.

आता टॅम्पाचं म्हणून काही खास. हरिकेनमध्ये माणसं वाऱ्यापेक्षा पाण्याने जास्त मरतात. वारा समुद्राचं पाणी ढकलत किनाऱ्यावर आणतो, त्याला इथे सर्ज म्हणतात. आपल्याकडच्या उधाणावर आणखी माणूसभर पाणी चढलं तर कसं होईल, तसं. टॅम्पाच्या बाहेरचा समुद्र दूरवर उथळ आहे आणि खाडी आत निमुळती होत जाते, त्यामुळे पाणी साचायला जागा मिळत नाही आणि ते वर चढतं. सप्टेंबर २०२४ चं हेलीन टॅम्पापासून शंभरेक मैल दूर, समुद्रातून उत्तरेकडे गेलं. तरीही खाडीच्या काठाच्या वस्त्यांत सहा-सात फूट पाणी चढलं. कित्येकांना "वादळ आपल्याकडे येत नाहीये" असं वाटत होतं. ते खरंही होतं, आलं ते पाणी.

दोन आठवड्यांनी मिल्टन टॅम्पाच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाऱ्याची दिशा उलटी पडली आणि खाडीतलं पाणी बाहेर ओढलं गेलं, तळ उघडा पडला. मार्ग तीस-चाळीस मैल उत्तरेला असता तर तेच पाणी खाडीत वर चढलं असतं. सेंट पीटर्सबर्गमध्ये मात्र अठरा इंचांहून जास्त पाऊस झाला. खाडीवर मोठं हरिकेन थेट आलं ते शेवटचं १९२१ मध्ये. शंभर वर्षं आलं नाही म्हणून इथे काही वरदान आहे अशी समजूत जुन्या रहिवाशांत आहे. तुमच्या सहकाऱ्याच्या बोलण्यामागे कदाचित तीच असेल. कृपा करून त्यावर विसंबू नका.

नकाशावर दिसणाऱ्या पांढऱ्या पंख्याबद्दलही एक सांगतो, कारण त्यात सुशिक्षित माणसंही चुकतात. तो पंखा म्हणजे वादळाचा केंद्रबिंदू साधारण तीनांत दोनदा जिथे राहील तेवढा पट्टा. पंख्याबाहेर म्हणजे सुरक्षित, असा त्याचा अर्थ नाही, आणि मधली रेघ तर विसरूनच जा. २०२२ च्या इयानची रेघ सुरुवातीला तुमच्या बाजूला होती. ते दक्षिणेला फोर्ट मायर्सकडे वळलं. तिथले लोक पंख्याच्या कडेला होते, पण डोळे रेघेवर होते. फोर्ट मायर्स बीचवर दहा फुटांहून जास्त पाणी चढलं.

तर आज रात्री एक काम करा. काउंटीच्या संकेतस्थळावर आपला पत्ता टाकून इव्हॅक्युएशन झोन बघा. तिथे 'ए' ते 'ई' अशी अक्षरं आहेत, 'ए' सर्वांत आधी बाहेर काढतात. विम्यासाठीचा फ्लड झोन हा वेगळा नकाशा आहे, दोन्हींची गल्लत करू नका. खाडीजवळचा तळमजला म्हणताय, म्हणून मला 'ए' किंवा 'बी'ची शंका आहे, पण पत्त्याशिवाय सांगता येणार नाही. तुमचं बाकी सगळं या एका अक्षरावर अवलंबून आहे.

'ए' किंवा 'बी' निघाला तर आत्ता, आकाश निरभ्र असताना, एक घर ठरवून ठेवा. खूप लांब जायची गरज नसते. फ्लोरिडाचे आपत्ती व्यवस्थापक सांगतात की शेकडो मैल पळू नका, दहा-वीस मैल आत, उंचावर, पक्क्या घरात जा. न्यू टॅम्पा, वेस्ली चॅपल या बाजूला आपली भरपूर मंडळी राहतात. तिथेही सखल भाग आहेत, म्हणून त्यांचा पत्ताही त्याच नकाशावर तपासा. लांब न जाण्याचं महत्त्व मला २००५ मध्ये कळलं. रीटा येतंय म्हणून ह्यूस्टनहून लाखो लोक एकदम निघाले. रस्ते तुंबले, गाड्या उन्हात तासन् तास उभ्या, पेट्रोल संपलं. त्या पळापळीत शंभरच्या आसपास माणसं गेली, त्यांत म्हातारी आणि आजारी बरीच. मी तेव्हा नवा होतो. माझ्या गाडीत मागे दोन वर्षांची मुलगी होती आणि सोळा तासांत आम्ही नेहमीच्या दीड तासाचं अंतर कापलं.

तिकिटांचं म्हणाल तर बातम्यांमुळे मी ती रद्द करणार नाही. ऑगस्टचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य हा दरवर्षीच धोक्याचा काळ असतो, ऐन भर १० सप्टेंबरच्या आसपास. समुद्र गार असता तरी मी हेच सांगितलं असतं. पण आई-बाबांपैकी कोणाला जिने चढवत नसतील, डायलिसिस किंवा ऑक्सिजन लागत असेल, आणि तुमचा झोन 'ए' असेल, तर यायचा काळ बदलून नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढचा घ्या. तेव्हा टॅम्पाची हवाही छान असते. हिंडते-फिरते असतील आणि जायचं घर ठरलेलं असेल, तर खुशाल बोलवा.

त्यांना औषधं परतीच्या तारखेपुढे महिनाभर पुरतील एवढी आणायला सांगा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. प्रवासाचा विमा घेणार असाल तर आत्ता घ्या. वादळाला नाव मिळाल्यानंतर घेतलेला विमा त्या वादळासाठी सहसा उपयोगी पडत नाही.

वीज जाण्याचा विचार लोक सगळ्यात कमी करतात. बेरिल आमच्या ह्यूस्टनला ८ जुलै २०२४ ला आलं ते पहिल्या श्रेणीचं, म्हणजे कागदावर सर्वांत हलकं. वीसेक लाख घरांची वीज गेली, आमची सहा दिवसांनी आली. जुलैचं ऊन, रात्रीसुद्धा घरात ३२ अंश. शेजारच्या आजोबांचं इन्सुलिन आमच्या थर्मोकोलच्या डब्यात होतं. मी आणि त्यांचा नातू पहाटे पाचला बर्फाच्या रांगेत उभे राहायचो. एका दिवशी बर्फ मिळालाच नाही. तेव्हा मातीच्या कुंडीत ओली वाळू घालून, वर ओलं फडकं टाकून, माझ्या आजीसारखं केलं आणि दर तासाला थर्मामीटर लावून बघत बसलो. म्हणून सांगतो, तुमच्या घरात शीतकपाटातलं औषध असेल तर त्याची सोय वादळाच्या यादीत सगळ्यात वर ठेवा. जनरेटर आणलात तर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून लांब चालवा. गॅरेजमध्ये दार उघडं ठेवूनही नाही. प्रत्येक मोठ्या वादळानंतर त्याच्या धुराने माणसं मरतात, आणि वादळातून वाचलेली माणसं मरतात.

विम्याचं थोडक्यात. भाडेकरूचा साधा विमा पुराचं पाणी धरत नाही. घरातल्या सामानासाठी वेगळा पूरविमा भाडेकरूंनाही मिळतो, पण सरकारी योजनेत तो लागू व्हायला तीस दिवस लागतात. जुलैच्या मध्यापर्यंत घेतलात तर आई-बाबा येण्याआधी चालू झालेला असेल. गाडीच्या विम्यात काँप्रिहेन्सिव्ह आहे ना, तेही पाहा. पाण्यात गेलेली गाडी त्यातच भरून मिळते.

पुढच्या वर्षी घर घ्यायचं तर टॅम्पात घेऊ नका असं मी म्हणणार नाही. माणसं इथे नीट राहतात, पण जागा पाहून राहतात. जमीन समुद्रसपाटीपासून किती फुटांवर आहे, झोन कुठला, घर २००२ नंतरच्या बांधकाम नियमांप्रमाणे आहे का (ते नियम अँड्र्यूच्या धड्यातून आले), छप्पर किती वर्षांचं, हे किचनच्या आधी बघा. ऑक्टोबर २०२४ पासून फ्लोरिडात विकणाऱ्याला त्या घरावर पूर्वी पुराचा दावा केला होता का हे लेखी सांगावं लागतं. तो कागद मागून घ्या. आणि विम्यात हरिकेनचा वेगळा डिडक्टिबल असतो, घराच्या विमा-रकमेच्या टक्क्यात. चार लाख डॉलरच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे आठ हजार आधी तुमच्या खिशातून जातात. तेवढे बाजूला ठेवता येत असतील तरच घराचा हिशेब जमला असं समजा.

प्लायवूड आणलेल्या सहकाऱ्याला माझा नमस्कार सांगा. त्याला विचारा की ते कापून, भोकं पाडून, कुठल्या खिडकीचं कुठलं ते लिहून ठेवलंय का. आदल्या दिवशी पावसात, शिडीवर चढून मापं घेता येत नाहीत.

तुमच्या झोनचं अक्षर कळलं की इथेच लिहा. आई-बाबांच्या तब्येतीबद्दल सांगण्यासारखं असेल तर तेही, म्हणजे मला नेमकं सांगता येईल. आणि ऑगस्टमध्ये त्यांना विमानतळावरून आणाल, तेव्हा पहिल्या आठवड्यातच एकदा त्या ठरवलेल्या मित्राच्या घरी जेवायला घेऊन जा. रस्ता दाखवा, त्यांची कोणती खोली ते दाखवा, बाथरूमला धरायला काही आहे का ते आईला स्वतः बघू द्या. मध्यरात्री पावसात निघायची वेळ आली तर त्यांना अनोळखी दारात उभं राहावं लागणार नाही.